रोडमॅप व्हाया भुसावळ

तुमच्या ऑफिसमध्ये एक रोडमॅप असणार. बेट लावा, असणारच! मार्च एंडच्या आसपास जन्माला आलेला, चाळीसेक स्लाइड्सचा, डावीकडून उजवीकडे पळणाऱ्या रंगीत बाणांचा. कुठल्या तरी हॉटेलच्या बँक्वेट हॉलमध्ये, पनीर टिक्का गार होत असताना, बॉसने तो दाखवलेला असतो. सगळ्यांनी टाळ्या वाजवलेल्या असतात. त्यानंतर तो 'फायनल फायनल तीन' अशा नावाच्या फाइलमध्ये शांतपणे झोपी जातो. थेट पुढच्या मार्चपर्यंत.

गेल्या महिन्यात मी पुण्या-मुंबईतल्या दोस्तमंडळींना एकच प्रश्न विचारत सुटले होते. तुमच्या कंपनीच्या टेक्नॉलॉजी रोडमॅपचं पुढे काय होतं रे? एक म्हणाला, "आमचा रोडमॅप म्हणजे सीईओची विशलिस्ट. सांताक्लॉजला पाठवली तरी चालेल." दुसरा म्हणाला, "दर क्वार्टरला नवा येतो. जुन्याचं काय झालं हे विचारणं बॅड मॅनर्स समजतात." तिसरी मैत्रीण जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "त्या चार्टवर दोन वर्षांनंतर माझ्या टीमचा बॉक्सच नाहीये. मी अजून कुणाला विचारलेलं नाही."

पहिली दोन उत्तरं ऐकून हसले होते. तिसऱ्यावर नाही हसता आलं.

कारण रोडमॅप हा काही नुसता मॅनेजमेंटवाल्यांचा फंडा नाही. कोणतं मशीन कधी येणार, कोणतं कधी जाणार आणि त्याबरोबर कोण राहणार, कोण जाणार, हे त्या कागदावर ठरतं. तो नीट झाला तर आख्खं गाव तरतं. नाही झाला तर तुमचा बॉक्स गायब.

'आख्खं गाव' असं मी उगाच म्हणत नाहीये. मी भुसावळची. (घ्या, हसून घ्या. 'म्हणजे गाडी खूप वेळ थांबते तेच ना?' हा प्रश्न मी कॉलेजपासून ऐकतेय.) होय, तेच. केळी, वांग्याचं भरीत, बेचाळीस-पंचेचाळीस डिग्री टेंपरेचर आणि रेल्वे. आमच्याकडे 'रोडमॅप' हा शब्द कुणाच्या तोंडी नसतो. पण अर्ध्या शतकापेक्षा जास्त काळ हे गाव एका रोडमॅपवरच जगलंय.

आधी थोडं जीके

हे टेक्नॉलॉजी रोडमॅपिंग नावाचं प्रकरण कॉर्पोरेट जगात गाजवलं ते मोटोरोलाने. कंपनीचे प्रमुख होते रॉबर्ट गॅल्विन. आपले इंजिनीअर आज काय बनवतायत आणि पाच-दहा वर्षांनी गिऱ्हाइकाला काय लागणार आहे, यांची गाठ कागदावर बांधा, असा त्यांचा आग्रह. १९८७ मध्ये मोटोरोलातल्याच दोघांनी या पद्धतीवर लेख लिहिला आणि मग ती सगळीकडे पसरली. पुढे चिप बनवणाऱ्या कंपन्यांनी तर कमालच केली. एकमेकींच्या कट्टर स्पर्धक असूनही १९९० च्या दशकात त्यांनी सगळ्या इंडस्ट्रीचा मिळून एक रोडमॅप बनवला. १९९८ मध्ये तो आंतरराष्ट्रीय झाला. दर दोन वर्षांनी नवी आवृत्ती आणि मधल्या वर्षी दुरुस्त्या, असा तो २०१६ पर्यंत चालला. तुमच्या हातातला मोबाइल इतका स्वस्त आणि इतका शहाणा झाला, त्यामागे त्या कंटाळवाण्या तक्त्यांचाही वाटा आहे बरं!

कल्पना तशी सिंपल आहे. एकावर एक तीन-चार पट्ट्या. वरच्या पट्टीत लोकांना काय हवंय. मधल्या पट्टीत आपण त्यांना काय देणार. खालच्या पट्टीत त्यासाठी कोणतं तंत्रज्ञान लागणार. आणि सगळ्यात खाली पैसा आणि माणसं. आडवा चालतो तो काळ. या पट्ट्या एकमेकींना उभ्या रेषांनी जोडल्या गेल्या तरच त्याला रोडमॅप म्हणायचं. नाहीतर ती बाणांची रांगोळी.

आता चला भुसावळला.

दोन करंट्सची गोष्ट

३ फेब्रुवारी १९२५. मुंबईत व्हीटी ते कुर्ला देशातली पहिली विजेवरची गाडी धावली. करंट होता दीड हजार व्होल्ट डीसी. तेव्हाचं ते लेटेस्ट तंत्र. १९३० पर्यंत ही वीज एकीकडे पुण्याला आणि दुसरीकडे कसाऱ्याचा घाट चढून इगतपुरीला पोचली. आणि तिथेच थांबली. इगतपुरीच्या पुढे, म्हणजे आमच्या बाजूला, कोळसा आणि वाफ. भुसावळचं स्टीम लोको शेड तर देशातल्या मोठ्या शेड्समध्ये गणलं जायचं.

दरम्यान फ्रेंच रेल्वेने पंचवीस हजार व्होल्ट एसीवर गाड्या चालवून दाखवल्या. फरक काय? शाळेतलं फिजिक्स आठवा. व्होल्टेज जवळपास सतरापट झालं की तेवढ्याच पॉवरसाठी करंट सतरापट कमी लागतो. म्हणजे वायर बारीक, वाटेत वाया जाणारी वीज कमी. डीसीला दर काही किलोमीटरवर सबस्टेशन उभं करावं लागतं, एसीला चाळीस-पन्नास किलोमीटरवर एक पुरतं. देशभर पसरायचं तर गणित उघड होतं. १९५७ मध्ये भारतीय रेल्वेने ठरवलं, यापुढे नवीन विद्युतीकरण पंचवीस हजार व्होल्ट एसीवरच. १९६० चं दशक सरता सरता ही वीज इगतपुरीहून मनमाड, चाळीसगाव करत भुसावळला आली. मग इलेक्ट्रिक इंजिनांचं शेड आलं आणि १९७० च्या दशकात त्यांच्या मोठ्या दुरुस्तीचं वर्कशॉपही.

झालं? नाही ना! आता एकाच रेल्वेच्या अंगात दोन करंट. मुंबईकडे डीसी, आमच्याकडे एसी, आणि मध्ये सीमारेषेवर इगतपुरी. लहानपणी मुंबईला जाताना इगतपुरीला गाडी हमखास रेंगाळायची आणि आम्ही पोरं ओरडायचो, "इंजिन बदलतंय, इंजिन बदलतंय!" तेवढ्यात मोठी माणसं चहा-वडा करून घ्यायची. आम्हाला ती मज्जा वाटायची. खरं तर ती एका राष्ट्रीय रोडमॅपची शिवण होती.

ही शिवण पार उसवून सगळीकडे एसी करायला किती वर्षं लागली माहितीये? पश्चिम रेल्वेवर मुंबईतलं डीसी संपलं २०१२ मध्ये. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर २०१५ मध्ये. आणि हार्बरवरची शेवटची डीसी लोकल कुर्ल्याहून सीएसटीला गेली ती ९ एप्रिल २०१६ च्या रात्री. १९५७ ते २०१६. एकोणसाठ वर्षं!

तुम्ही म्हणाल, इतका उशीर म्हणजे फेल्युअरच की. मान्य, वेगाचं मेडल कुणी देणार नाही. पण एक बघा. मुंबईची लोकल हे असं मशीन आहे की जे बंद ठेवून दुरुस्त करता येत नाही. रोज लाखो माणसं तिच्या दाराला लटकलेली. धावत्या माणसाचं हृदय बदलायचं आणि त्याला धावू पण द्यायचं, असला तो प्रकार. तरी ते झालं. आणि कसं झालं, त्यात तुमच्या-माझ्या ऑफिससाठी सगळा माल आहे.

पूल आधी, उडी नंतर

पहिली गोष्ट म्हणजे मधला पूल. रेल्वेने आधी वरची तार बदलली आणि मग गाड्यांचा विचार केला, असं झालं नाही. आधी दोन्ही करंट्सवर चालणारी इंजिनं बनवली. तसली पहिली इंजिनं १९७० च्या दशकात चित्तरंजनच्या कारखान्यातून आली, पुढची पिढी १९९० च्या दशकात भेलने बनवली. लोकलचंही तेच. १९९९ मध्ये मुंबई रेल्वे विकास कॉर्पोरेशन स्थापन झालं, वर्ल्ड बँकेचं कर्ज आलं आणि २००७ च्या नोव्हेंबरपासून त्या जांभळ्या-पांढऱ्या नव्या लोकल धावू लागल्या. आठवतायत? आपण सगळे त्यातल्या खिडक्या आणि वाऱ्यावर फिदा होतो. पण त्यांची खरी खासियत टपावर होती. त्या डीसीवरही चालायच्या आणि एसीवरही. म्हणजे तार कधीही बदलू दे, गाडी तयार!

आणि तार बदलली तीही लांबच्या टोकाकडून आत, टप्प्याटप्प्याने. कसाऱ्याकडून मुंबईकडे, विरारकडून चर्चगेटकडे. रात्रीचे ब्लॉक घेऊन. पंचवीस हजार व्होल्टच्या तारेला वरच्या पुलापासून जास्त अंतर लागतं, म्हणून जुन्या बुटक्या पुलांचाही हिशेब करावा लागला. रोडमॅपच्या एका कोपऱ्यात 'विजेचा प्रकार' लिहिलं की दुसऱ्या कोपऱ्यात 'ब्रिटिशकालीन पूल' उगवतो. उभ्या रेषा म्हणतात त्या ह्या.

तुमच्या ऑफिसात काय होतं? '१ एप्रिलपासून नवी सिस्टीम, जुनी बंद.' २ एप्रिलला आख्खं अकाउंट्स डिपार्टमेंट एक्सेलवर. हो की नाही?

शेवटची तारीख

दुसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते. नवं काय येणार हे सगळेच लिहितात. जुनं कधी संपणार, हे लिहायला धाडस लागतं.

चित्तरंजनच्या कारखान्याने ब्रॉडगेजचं शेवटचं वाफेचं इंजिन बनवलं ते १९७० मध्ये. त्याचं नाव काय ठेवलं असेल? 'अंतिम सितारा'! एखाद्या हिंदी पिक्चरला शोभेल असं. पण त्या नावात एक कमालीची स्पष्टता आहे. यापुढे नाही. वाफेची इंजिनं त्यानंतरही वीसेक वर्षं धावली, कारण चांगलं इंजिन भंगारात काढायला रेल्वे काही वेडी नव्हती. पण नवीन बनवणं थांबलं. जुन्या माणसांना, पार्ट पुरवणाऱ्यांना, शेड्सना, सगळ्यांना सिग्नल मिळाला आणि तयारीला वेळही.

उलटही घडतं, बरं का. १९५७ मध्ये एसी ठरल्यावर चित्तरंजनने १९६१ मध्ये आपलं पहिलं इलेक्ट्रिक इंजिन बनवलं, 'लोकमान्य'. ते कुठल्या करंटवर? डीसीवर! कारण मुंबईकडच्या डीसी लाइनला तेव्हा इंजिनं हवीच होती. उद्याचा रस्ता ठरला म्हणून आजचा प्रवासी रुळावर सोडून द्यायचा नसतो.

दोन रोडमॅप, बोलचाल बंद

सगळंच असं गुडी गुडी नाहीये. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये रेल्वेने जनरल इलेक्ट्रिकबरोबर एक हजार डिझेल इंजिनांचा करार केला. बिहारमध्ये मढौराला त्यासाठी नवा कारखाना. दोन वर्षांत, २०१७ मध्ये, रेल्वेचा सूर बदलला. आता सगळंच विजेवर करायचं, मग एवढी डिझेल कशाला? कराराचाच फेरविचार व्हायला लागला. शेवटी करार टिकला. २०१८ मध्ये केंद्राने ब्रॉडगेजच्या शंभर टक्के विद्युतीकरणाला मंजुरी दिली आणि दुसरीकडे डिझेल इंजिनंही येत राहिली. २०२५ मध्ये मढौराहून आफ्रिकेतल्या गिनीला इंजिनं निर्यात होऊ लागली, म्हणजे कारखान्याने आपली वाट शोधली. पण दोन वर्षांच्या अंतराने दोन दिशांना बाण दाखवणारे दोन निर्णय, हा प्रकार ओळखीचा वाटतो ना? तुमच्या आयटीचा रोडमॅप वेगळा, मार्केटिंगचा वेगळा, आणि दोघांची भेट थेट दिवाळी पार्टीत.

याच्या उलट उदाहरण बघायला भुसावळच्या शेजारी जा. जळगावच्या जैन इरिगेशनने १९८० च्या दशकात ठिबक सिंचन आणलं आणि १९९० च्या दशकात ग्रँड नैन जातीची टिश्यू कल्चर केळीची रोपं. क्रम बघा. टिश्यू कल्चरची रोपं एकसारखी वाढतात, बाग साधारण एकदमच निसवते. पण त्यांना पाणी आणि खत वेळच्या वेळी, मोजून लागतं. ठिबकच्या नळ्या शेतात आधीच होत्या, म्हणून रोप रुजलं. नुसती भारी रोपं आणून पाटाने पाणी सोडलं असतं तर? रावेर-यावलचा कुठलाही शेतकरी उत्तर सांगेल. रोडमॅपिंगचा कोर्स न करता!

तिसरी लिस्ट

आता ती सगळ्यात खालची पट्टी. माणसं.

आमच्या कॉलनीत एक काका राहतात. सत्तरी ओलांडलीय. स्टीम शेडमध्ये फिटर म्हणून लागले, इलेक्ट्रिक शेडमधून रिटायर झाले. दिवाळीत घरी गेले तेव्हा त्यांना विचारलं, "काका, वाफेवरून विजेवर जाताना भीती नाही वाटली?"

"वाटली ना बेटा. वाफेचं इंजिन बोलायचं. आवाजावरून कळायचं काय दुखतंय ते. विजेचं मुकं. वर तार, हात लागला की खेळ खलास."

"मग?"

"मग काय, ट्रेनिंगच्या लिस्टा लागल्या. पहिल्या लिस्टमध्ये नाव नाही. दुसरीतही नाही. तुझ्या काकूने सोमवार धरले. तिसऱ्या लिस्टमध्ये लागलं. चाळीस दिवस वर्गात बसलो, पोरासारखा. हातात पाना धरणारा माणूस, सर्किट काढायला शिकलो."

काकू आतून म्हणाल्या, "ते सोमवार अजून सुटले नाहीत माझे."

मी हसले, पण डोक्यात ती लिस्ट राहिली. दोन लिस्टा आणि तिसरी, यांच्यामध्ये एका घराची झोप उडालेली होती. तरी लिस्ट होती. बोर्डावर होती, सगळ्यांना दिसत होती. आणि नव्या शेडला जुन्या शेडमधला माणूस लागणार आहे, हे कुणीतरी आधी कागदावर मांडलेलं होतं. बोल्ट किती घट्ट आवळायचा हे हाताला कळलेला माणूस बाजारात विकत मिळत नाही.

आणि मोटोरोला?

हा, ते राहिलंच. रोडमॅप गाजवणाऱ्या मोटोरोलाचं पुढे काय झालं? १९९० च्या दशकात मोबाइल ॲनालॉगवरून डिजिटलवर गेले, तेव्हा कंपनी ॲनालॉगमध्येच रमली. १९९८ मध्ये नोकियाने मोबाइलमधला पहिला नंबर तिच्याकडून घेतला. (नोकियाचं पुढे काय झालं, तो आणखी एक कॉलम!) तक्ता होता, पद्धत होती, नाव होतं. पण वरच्या पट्टीत गिऱ्हाइकाने मत बदललंय, हे खाली कुणी वेळेत उतरवलं नाही. रोडमॅप हे दुधासारखं आहे. रोज बघावं लागतं, नाहीतर नासतं आणि वास सगळ्यात शेवटी बॉसला येतो.

तर मंडळी, येत्या सोमवारी ऑफिसला गेलात की ती फाइल उघडा. फक्त पाच गोष्टी बघा. हे आपण कुणासाठी करतोय, हे पहिल्या पानावर लिहिलंय का? याला एक मालक आहे का, ज्याला आपण नावाने फोन करू शकतो? जुन्यातून नव्यात जायला मधला पूल कुठाय? जुनं कधी थांबणार, ती तारीख आहे का? आणि गेल्या सहा महिन्यांत यात कुणी एक तरी ओळ खोडलीय का?

पाचातल्या तीनची उत्तरं 'हो' असतील तर तुमची कंपनी बरी आहे, पार्टी करा.

आणि सगळ्यात खालच्या पट्टीत आपलं नाव शोधा. सापडलं नाही तर गप्प बसू नका. उठा, त्या मालकाच्या केबिनचं दार वाजवा आणि विचारा, ट्रेनिंगची लिस्ट कधी लागतेय? काकांना तिसरी लिस्ट मिळाली. प्रत्येक ऑफिसात तिसरी लिस्ट लागतेच असं नाही.